चार खांद्यांचा नियम

औरंगाबाद,
संक्रांतीच्या आधीचा शुक्रवार

तीर्थस्वरूप आप्पामामा,

तुमच्या वच्छीचा इथूनच साष्टांग नमस्कार. (या खेपेला साष्टांग हा शब्द अगदी खरा धरावा. का, ते पुढं येईल.) पत्र पेन्सिलीनं लिहिलंय म्हणून रागावू नका. पेन आहे, शाई आहे, पण सध्या माझ्यापाशी पेन्सिलच चालते. मनकर्णामामींचे गुडघे या थंडीत दुखत असतील. तुमचा खोकला, काळी गाय, उसाची तोड, सगळ्यांची खुशाली कळवा. मोतीबिंदू झाल्यापासून तुमची पत्रं कडूबा वाचतो आणि तीही चावडीपुढं वाचतो, हे मला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीचा शिपाई, त्याला दवंडीची सवय. गुपित सांगायचं झालं तरी तो आधी घसा खाकरून गाव गोळा करतो. म्हणून त्याला ताकीद देते की कंसातला मजकूर मनात वाचायचा. (कडूबा, हेही मोठ्यानं वाचलंस ना? वाटलंच मला.)

मामा, मी दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते. पोरगी आता लोकांची दुखणी काढणार म्हणून. काढते आहे. पण दवाखान्यात दुखणं फक्त खाटेवरच्या माणसाला असतं, ही लोकांची समजूत आमचीसुद्धा होती. आमच्यात रीतच तशी. सुई बोटात घुसली की बोट तोंडात घालायचं आणि पुढच्या पेशंटकडं जायचं. फिनेलवर पाय घसरला की उठण्याआधी कुणी पाहिलं तर नाही ना, हे बघायचं. दारू पिऊन आलेल्या नातेवाइकानं अंगावर हात उगारला की 'दुःखात आहे बिचारा' म्हणायचं. आणि कंबर धरली तर घरी जाऊन नवऱ्याच्या नकळत बाम चोळायचा, कारण त्याला कळलं तर 'सोड ती नोकरी' म्हणतो आणि खरंच सोडते म्हटलं तर 'मग भागायचं कसं' हेही तोच म्हणतो.

हे सगळं असंच चाललं असतं, पण पोळ्याच्या सुमाराला सरूबाईची कंबर गेली. सरूबाई आमच्या वॉर्डातली आया. बिडकीनहून रोज एसटीनं येते, विधवा बाई, घरी म्हातारी सासू. अंगानं माझ्या निम्मी, पण वॉर्डात कुणालाही उचलायचं झालं की हाक तिलाच. त्या दिवशी एका दणकट पेशंटाला शौचाचं भांडं द्यायचं होतं. दुसरी आया चहाला गेलेली, नातेवाईक 'लवकर, लवकर' करत उभे. (उभेच. हात कुणी लावला नाही.) सरूबाईनं एकटीनं त्याला काखेत हात घालून उचललं आणि तिच्या पाठीत काहीतरी मोडल्याचा आवाज मी टेबलापाशी बसून ऐकला. मामा, तिनं पेशंटाला सोडलं नाही. आधी त्याला नीट खाली ठेवलं, पांघरूण घातलं, मग स्वतः खाली बसली, ती तिथून उठलीच नाही. नातेवाइकांनी मोठ्या डॉक्टरांकडं तक्रार केली की भांडं वेळेवर मिळालं नाही.

तेव्हापासून सरूबाई घरी पडून आहे. आता हाडाचे डॉक्टर म्हणतात, संक्रांतीनंतर कामावर येऊ शकेल, पण एकटीनं ओझं उचलायचं नाही. अजून एकदा कंबर गेली तर बाई जन्माची अंथरुणाला खिळेल. बोलायला सोपं आहे. पण आमच्याकडं जी उचलत नाही तिला आया कोण म्हणतं? आणि 'बाई, जरा धरा ना' असं कुणी म्हटलं की सरूबाईला नाही म्हणता येत नाही. ते तिच्या रक्तातच नाही.

मी त्या दिवसांत मोठ्या डॉक्टरांशी एवढी भांडले की त्यांनी मला शांत करायला पुण्याच्या एका शिबिराला धाडलं. विषय होता दवाखान्यातल्या माणसांनी स्वतःला कसं सांभाळावं. परत आल्यावर मला 'कर्मचारी सुरक्षा प्रमुख' असा किताब दिला. (किताबच. खुर्ची नाही, पगारवाढ नाही. निजामाच्या राज्यात निदान शेरवानी तरी मिळाली असती.) शिबिरात एका बाईंनी भिंतीवर चित्रं दाखवून सांगितलं की माणसाला उचलताना कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. एकट्यानं कधी उचलायचं नाही. पेशंटाच्या खाली जाड चादर घालायची, चौघांनी चार कोपरे धरायचे आणि एका तालात उचलायचं. कुणाच्याच पाठीवर भार येत नाही. मला ते इतकं पटलं की एसटीत परत येताना मी शेजारच्या बाईला तिची गाठोडीसुद्धा एकटीनं उचलू दिली नाहीत.

आल्या आल्या रंगाऱ्याला बोलावून पाटी रंगवून घेतली. लाल अक्षरात, वॉर्डाच्या दारावर : 'रुग्णास उचलणे झाल्यास चौघांनीच उचलावे.' रंगाऱ्यानं ब्रश थांबवून विचारलं, "बाई, हे असंच लिहू?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, लिही. त्यानं लिहिलं आणि जाताना पाटीला हात जोडून गेला. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिली पाळी दौलताबादच्या काकासाहेबांची आली. सीताफळांचे मोठे बागाईतदार, खुब्याचं हाड मोडलेलं, वजनाला तुमच्यासारखेच भक्कम. त्यांना खाटेवरून स्ट्रेचरवर घ्यायचं होतं. मी मोठ्या अभिमानानं चौघं बोलावले. आमचे वॉर्डबॉय बाबूभाई आणि आणखी तिघं. चादर घातली, चार कोपऱ्यांना चौघं उभे राहिले, वाकले, आणि मी 'उचला' म्हणायच्या आत काकासाहेबांच्या लेकीनं, आवडाबाईनं, असा हंबरडा फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले. "अवं, माझा बाप जित्ता हाय! काहून खांदा द्यायले त्याला?" असं म्हणत तिनं एक कोपरा हिसकावून घेतला. त्या गोंधळानं काकासाहेबांची गुंगी उतरली. त्यांनी डोळे उघडले, चार कोपऱ्यांना चार वाकलेली तोंडं पाहिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "कव्हा गेलो मी?"

मामा, मी काय लंडनहून आले होते? गंगापूर तालुक्यात जन्मले, वाढले, चौघं कुणाला उचलतात हे मला माहीत नव्हतं? पण पुण्याच्या भिंतीवरचं चित्र डोक्यात असं बसलं होतं की आपल्या वाटेवरचं रोजचं चित्र दिसलंच नाही. बाबूभाई मागून म्हणाले, "सिस्टर, जनाजे कू बी चारच लोगां लगते. मेरे कू पैलेच बोलना था, पन तुम लाल रंग में लिखे ना, तो मैं चुप बैठा." जालन्याची मार्था सिस्टर तेवढी निर्धास्त होती. तिच्यात म्हणे सहा लागतात.

मी हट्टी, तुमचीच भाची. दुसऱ्या दिवशी डोकं लढवलं की चार अशुभ असतील तर पाच करू. पाचव्यानं कोपरा धरायचा नाही, पुढं चालून गर्दीतून वाट मोकळी करायची. बेत चांगला होता. पण पाचवा नुसता रिकाम्या हातानं कशाला चालेल, म्हणून कुणीतरी त्याच्या हातात काकासाहेबांचं लघवीचं भांडं दिलं. तो ते दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, हळूहळू पुढं निघाला. मागून चौघं. पुढं भांडं घेतलेला माणूस आणि मागं चार खांदेकरी हे दृश्य वॉर्डातल्या बायांनी पाहिलं आणि मग जे झालं ते मी लिहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटाची बायको डोक्यावरून पदर घेऊन आली आणि काकासाहेबांच्या पाया पडून गेली. काकासाहेबांनी सवयीनं तिला आशीर्वाद दिला. त्यावरून ती आणखी घाबरली.

तिघांनी उचलून पाहिलं, तर चौथा कोपरा लोंबकळला आणि काकासाहेब त्या बाजूनं घसरायला लागले. सहा करावेत तर दोन खाटांच्या मधे सहा माणसं मावत नाहीत. शेवटी आवडाबाईनं निर्वाणीचं सांगितलं, "दोघीजणी नीट धरा न्‌ उचला, रोज उचलत्यात तसं. लई शिकलेलं आमच्यावर नका आजमावू." आणि दोघींनी उचललं. (त्या दोघी कोण, ते विचारू नका.)

लोकांना मी अडाणी म्हणणार नाही. मलाही राग आला होता, पण राग ओसरल्यावर मी पुष्कळ विचार केला. सध्या विचार करायला वेळ बराच आहे. आपल्याकडं माणूस जन्मभर कशासाठी चांगुलपणानं वागतो? शेवटी चार माणसं मिळावीत म्हणून. भांडखोर माणसाला आपण म्हणतोच ना, तुला खांद्याला चार माणसं मिळायची नाहीत. ती चार माणसं म्हणजे त्याच्या आयुष्याची कमाई. ती त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असतात, आणि मी मधेच पाटी लावून ती खर्चायला निघाले, मग आवडाबाई ओरडणार नाही तर काय? पण मामा, दुसरी बाजूही पाहा. तो माणूस जिवंत असेपर्यंत त्याला उचलतं कोण? लहानपणी एकटी आई. म्हातारपणी एकटी सून. दवाखान्यात एकटी सरूबाई. जिवंत माणसाचा भार एकानं घ्यायचा आणि चौघं जमायचे ते त्याला कशाचंच काही वाटेनासं झाल्यावर. ही रीत कुणी पाडली ते मला माहीत नाही, पण पाडणाऱ्यानं कधी कुणाला उचललं नसावं.

विश्वस्तांकडं तक्रार गेली. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुमचं म्हणणं पटतं, पण लोक घाबरतात. आता एक जरी तक्रार आली तरी पाटी उतरवायची आणि पहिल्यासारखं चालू द्यायचं." आणि संक्रांतीनंतरच्या सोमवारी सरूबाई कामावर येते आहे. पाटी राहिली तर ती चौघांतली एक म्हणून एक कोपरा धरील आणि निभावेल. पाटी उतरली तर पहिल्याच दिवशी कुणीतरी 'बाई, जरा धरा ना' म्हणेल आणि ती धरील. मग बिडकीनच्या त्या घरात दोन अंथरुणं होतील, एक सासूचं आणि एक सुनेचं. मला रोज तेच डोळ्यांपुढं दिसतं.

असो. तुम्हाला उगाच घोर लावला. मन मोकळं करायला माहेरचं माणूस तुम्हीच उरलात म्हणून लिहिलं. मामींना सांगा, तिळगूळ करताना गुडघे दुखवून घेऊ नका, पाट घेऊन बसा. तुमची सावली डोक्यावर राहू द्या, एवढंच मागणं.

तुमची,
वच्छला

ता. क. : एवढंच मागणं, असं वर लिहिलं ते खरं नाही. तुमचा हर्निया तुम्ही चार वर्षं पट्ट्यात बांधून फिरवता आहात. त्याचं ऑपरेशन मी सोमवारचं ठरवून टाकलं आहे. डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. रविवारी दुपारच्या एसटीनं मामींना घेऊन निघा. (करीचा दिवस मधे येतो म्हणाल, तर रविवार करीनंतरचा आहे. पंचांग मीही पाहिलंय.) आणि ऑपरेशननंतर तुम्हाला टेबलावरून खाटेवर चौघं उचलतील, सगळ्या वॉर्डादेखत. तुम्हीच का? कारण चौघांनी खांद्यावरून नेऊनही जिवंत असलेला माणूस माझ्या माहितीत तुम्ही एकटेच आहात. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात, गावात रझाकार आले तेव्हा तुम्ही लिंबावरून उडी मारली, मांडी मोडली, आणि आपल्या माणसांनी तुम्हाला बाजेवर घालून गोदावरीपार टोक्याच्या अंगाला, निजामाच्या हद्दीबाहेर नेलं, ही गोष्ट प्रत्येक लग्नात तुम्ही सांगता. 'चौघांनी खांद्यावरून नेलं तरी यमानं परत धाडलं' हे तुमचं वाक्य तर पोरांनाही पाठ आहे. त्यातले एक माझे वडील, आमचे दादा, होते. गोष्ट संपली की तुम्ही हमखास त्यांची थट्टा करायचात, की आमचे दाजी बघा, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे वाकून चालतात. दादाही हसायचे. ती गोष्ट मला वॉर्डात हवी आहे. आवडाबाई अजून इथंच आहे. तुमच्यासारखा भारदस्त माणूस चादरीवर झोपून मिशीला पीळ देत गेला, तर दौलताबादपासून गंगापूरपर्यंत कुणी ओरडणार नाही.

ता. क. दुसरा : पेन्सिलीचं राहिलं. उताणं झोपून वर हात धरून लिहिलं की पेनातली शाई उतरत नाही. काकासाहेबांना उचलणाऱ्या त्या दोघींतली एक मी. आवडाबाईचा आवाज चढला, तक्रार नको म्हणून मीच पुढं झाले, आणि गुडघ्यातून वाकायचं सोडून कंबरेतून वाकले. कर्मचारी सुरक्षा प्रमुख सध्या स्वतःच्याच वॉर्डात फळीवर आडव्या आहेत आणि येणारा-जाणारा दारावरची पाटी वाचून त्यांच्याकडं बघतो. हसा, मामा, मीही हसले. मला फळीवर घ्यायला चौघं आले. नियम माझा, पाटी माझी, पण चार कोपऱ्यांना चार माणसं उभी राहिली आणि माझे डोळे आपोआप मिटले आणि तोंडात रामाचं नाव आलं. बाबूभाई कानाशी वाकून म्हणाले, "सिस्टर, आँखें खोलो. नहीं तो लोगां डरिंगे." मी उघडले. आवडाबाई दाराशी उभी होती. ती या वेळी ओरडली नाही, पण जवळही आली नाही.

ता. क. तिसरा : कडूबा, इथं थांब. तुला तुझ्या लेकरांची शपथ आहे. मामांना उठवून घरात ने, मामींना शेजारी बसव, दार लोटून घे, आणि यापुढचं कानाशी वाच.

मामा, या फळीवर झोपले आणि मला दादांची फळी आठवली. तुम्हाला माहीत आहे, ते गादीवर कधी झोपले नाहीत. सवय आहे म्हणायचे. आई जायच्या आधी मला खरं सांगून गेली, आणि कुणाला सांगू नको असंही म्हणाली. मी आज तिचं ऐकत नाही. तुम्हाला नदीपार नेलं तेव्हा तुम्ही शुद्धीत नव्हता. चौघं निघाले होते, पण नदीच्या काठावर एकजण भीतीनं मागं फिरला. त्याचं नाव दादांनी आईलाही सांगितलं नाही. पुढची सगळी वाट, ती वाळू, ते पाणी, पलीकडचा चढ, तिघांनी नेलं. बाजेचे पायाकडचे दोन खूर दोघांनी धरले. डोक्याकडचे दोन्ही दादांनी एकट्यानं. पलीकडं बाज खाली ठेवली आणि ते तिथंच बसले. त्यानंतर ते सरळ असे कधी उभे राहिलेच नाहीत. 'आप्पाला कळू देऊ नको,' असं आईला म्हणाले होते, 'त्याच्या जिवावर आणिक ओझं नको.' तुम्ही थट्टा करायचात तेव्हा ते खरंच हसायचे, मामा. तुम्ही दोन पायांवर उभं राहून थट्टा करता आहात, याचंच त्यांना समाधान असायचं. तुम्हाला दुखवायला मी हे लिहिलेलं नाही. हे वाचून तुम्ही रडाल, तर मामींच्या पदराला डोळे पुसा आणि पुढचं ऐका.

वॉर्डात गोष्ट चौघांची सांगू नका. तिघांची सांगा. चौघांची सांगितली तर लोक एवढंच ऐकतील की नेलेला माणूस जगला. नेणाऱ्याचं काय झालं हे आजवर कुणी कुणाला विचारलं नाही, तुम्ही नाही आणि मीही नाही. त्या पळालेल्या माणसाला इथं कुणी ओळखत नाही, त्याची इज्जत जाणार नाही. आवडाबाईला समोर बसवा आणि सांगा की चौथा कोपरा धरायला कुणी असतं, तर माझे दाजी माझ्याइतकेच सरळ चालले असते.

तुम्हाला काही उचलायचं नाही, हर्निया आहे तुम्हाला. पण बिडकीनला मी निरोप धाडला आहे. सरूबाईला कळवलंय की सोमवारी बेलाशक कामावर ये, आपला चौथा माणूस गंगापूरहून निघतो आहे.